अडगळ आणि आसरा

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की मध्यमवर्गीय घरात एक संवाद ठरलेला असतो.

“अहो, ते कपाट एकदाचे काढून टाका.”

“अगं, सागवानी आहे. अण्णांनी समोर बसून करून घेतलेले.”

“असू दे सागवानी. ठेवायचे कुठे, ते सांगा.”

या वादात कपाटाची बाजू कितीही भक्कम असली, तरी शेवटी हरते ते कपाटच. आमच्या ताईच्या कपाटाचेही तसेच झाले. तिने आणि दाजींनी चऱ्होलीला नवी जागा घेतली, आणि दिवाळीच्या आधी बिऱ्हाड हलवायचे म्हणून मी मदतीला गेलो होतो. चऱ्होली म्हणजे आळंदीच्या अलीकडचे, इंद्रायणीकाठचे जुने गाव. वाघेश्वराचे देऊळ, ज्वारीची शेते आणि आषाढी-कार्तिकीला कानावर येणारा टाळमृदंग एवढीच एके काळी त्याची ओळख. 1997 साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले, आणि आता तिथे शेताच्या बांधावर बारा-चौदा मजली इमारती उभ्या आहेत. अशा इमारतीच्या लिफ्टमध्ये माणसे मावतात, अण्णांच्या काळची कपाटे मावत नाहीत. हमालांनी दोनदा कपाट आडवे करून पाहिले, तिसऱ्यांदा कपाळाचा घाम पुसला आणि ते फाटकापाशी भिंतीला टेकवून ठेवले.

तिथे त्याला सोबत भरपूर होती. दिवाळीची आवराआवर सगळ्याच बिऱ्हाडांत चाललेली. पाय गेलेल्या खुर्च्या, बसून बसून खड्डा पडलेला सोफा, टीव्हीचे शोकेस, एक दिवाण, लहान मुलाचा कठडेवाला पलंग, आणि फुगलेल्या फळ्यांची तीन-चार टीपॉये. महापालिकेची गाडी येईल आणि नेईल, असे दाजी म्हणाले. गाडी यायच्या आतच ढीग निम्मा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कमी होताना मी पाहिला. रस्त्याच्या पलीकडे ताडपत्रीच्या आडोशाला राहणारे एक कुटुंब होते. त्यातली पन्नाशीची बाई आली आणि एखाद्या जाणत्या सुताराने पाहावे तसा तिने माल पाहिला. सोफ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. टीपॉयची फळी बोटाने दाबली आणि टाकून दिली. दिवाणाच्या पट्ट्या काढल्या, शोकेसचे एक दार काढले, मुलाच्या पलंगाचा कठडा काखेत मारला. मग एका मोडक्या टेबलाचा खण ओढून काढला.

“मावशी, खण कशाला? भिंतीला नाही लागायचा तो,” वॉचमन म्हणाला.

“कुलूप हाय की त्याला,” ती म्हणाली आणि निघून गेली.

भिंती आणि छप्पर नसलेल्या बाईला कुलपाचे काय काम, असे तेव्हा माझ्या मनात आले. तो प्रश्न पुष्कळ दिवस डोक्यात राहिला. त्या निमित्ताने टाकून दिलेल्या लाकूडसामानातून बेघरांसाठी आसरा उभारणाऱ्यांची जी माहिती मिळत गेली, ती सांगावी म्हणून हा लेख.

यातले सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. कॅलिफोर्निया राज्यात ओकलंड नावाचे बंदराचे शहर आहे. तिथे ग्रेगरी क्लोन नावाचा एक शिल्पकार राहतो. त्या शहरात लोक घरातले नको झालेले सामान रात्री-बेरात्री रस्त्याच्या कडेला आणून टाकतात. (अमेरिकेत सारे काही शिस्तीत चालते, असे आपल्याला उगीचच वाटते.) 2010 नंतरच्या दोन-तीन वर्षांत क्लोनने या ढिगांतून फळ्या, दारे, पलंगाचे भाग, माल ठेवायच्या लाकडी चौकटी गोळा केल्या आणि एक इवलेसे घर जोडले. कपडे धुण्याच्या यंत्राचे गोल काचेचे दार त्याने खिडकीला लावले, जुन्या फ्रिजचेही भाग वापरले. घर तयार झाले, पण ते कोणासाठी हे त्याने ठरवलेले नव्हते. अशात एका पावसाळी दिवशी ओळखीची एक बेघर बाई त्याच्या दारी आली आणि एखादी ताडपत्री मिळेल का, म्हणून विचारू लागली. त्याच्याकडे ताडपत्री नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने तिला बोलावून घराची किल्ली हातात दिली.

पुढे त्याने अशी अनेक घरे केली आणि ती तशीच देऊन टाकली. खिळे, स्क्रू, गोंद, रंग असा तीस-चाळीस डॉलर खर्च सोडला, तर बाकी सगळा माल रस्त्यावरचा. आत एक माणूस, फार तर दोघे, पाय पसरून झोपतील एवढीच जागा. त्या घरांची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक घराला चाके होती. ती कशासाठी, हे पुढे येईलच.

आधी लाकडाविषयी थोडे सांगायला हवे, कारण चऱ्होलीच्या त्या बाईला जे माहीत होते ते आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसते. आपण घरातून जे बाहेर टाकतो ते सगळे ‘लाकूड’ नसते. अण्णांच्या पिढीचे सागवान पन्नास पावसाळे खाते आणि तरी त्याला खिळा धरतो. त्यानंतर आले प्लायवूड. यातही पाण्याला टिकणारे आणि साधे असे दोन प्रकार, आणि घरातल्या बहुतेक सामानाला साधेच वापरलेले असते. पण अलीकडची स्वस्त, देखणी, वरून गुळगुळीत टेबले आणि कपाटे होतात ती लाकडाचा भुसा आणि चुरा गोंदाने दाबून केलेल्या फळ्यांची. त्यांना पार्टिकल बोर्ड म्हणतात. घरात, कोरड्या जागी, ती चार-सहा वर्षे चांगली चालतात. त्यांच्या कडेला एकदा पाणी शिरले की मात्र फळी पावासारखी फुगते, भुगा होते आणि स्क्रू हाताने निघून येतो. मावळाच्या तोंडावरच्या या भागात जून-जुलैत अशा भिंतीचे काय होईल, हे सांगायला नको. बाईने टीपॉयची फळी बोटाने दाबून पाहिली ती याचसाठी.

म्हणजे आपले सामान दिसायला जसजसे सुबक होत गेले, तसतशी आपली अडगळसुद्धा निकस होत गेली. पूर्वी मोठ्या घरची टाकलेली खुर्ची गरिबाच्या घरी आणखी वीस वर्षे नांदत असे. आजची टाकलेली खुर्ची त्याला चुलीतही घालता येऊ नये. या फळ्यांच्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असते आणि ती जाळली की डोळे व छाती जाळणारा विषारी धूर निघतो. तरीही ती जाळली जाते, कारण थंडीत हात शेकायला दुसरे काही नसते.

आपल्या या पट्ट्यात चांगला माल मिळतो तो घरांतून नव्हे, कारखान्यांतून. चाकण, भोसरी, तळेगावच्या कारखान्यांना परदेशातून यंत्रे आणि सुटे भाग येतात ते पाइनच्या खोक्यांतून आणि पॅलेट नावाच्या चौकटींवरून. या लाकडातून एका देशाची कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसची उष्णता 30 मिनिटे पोहोचवावी लागते, आणि मग त्यावर गव्हाच्या कणसाची खूण व ‘एचटी’ ही इंग्रजी अक्षरे उमटवतात. ‘एमबी’ अशी अक्षरे असतील, तर त्या लाकडाला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते झोपायच्या जागेत न वापरलेले बरे. पाइनच्या या फळ्या हलक्या, सरळ, सहज कापता येणाऱ्या. त्यांची टेबले, बाके, पलंग करून विकणारे कारागीर या भागात पुष्कळ आहेत. चार पॅलेटांची जमीन, आठांच्या भिंती, वर जुना पत्रा, असा एका माणसाचा आसरा कोणताही सुतार एका दिवसात उभा करील. शास्त्र अवघड नाही, माल दुर्मिळ नाही आणि पैसेही फारसे लागत नाहीत.

मग अडते कुठे? ते ज्यांनी करून पाहिले त्यांना विचारावे.

2015 साली लॉस एंजेलिसमध्ये एल्विस समर्स नावाच्या एका माणसाने आपल्या वस्तीत उघड्यावर झोपणाऱ्या एका वृद्ध बाईसाठी लाकडी खोकेवजा घर बांधून दिले. त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली, लोकांनी देणग्या पाठवल्या आणि त्याने तशी आणखी कितीतरी घरे बांधली. 2016 च्या फेब्रुवारीत नगरपालिकेची माणसे आली आणि त्यांतली काही उचलून घेऊन गेली. पदपथावर अशी वस्तू ठेवता येत नाही, असे कारण होते. कॅनडात टोरोंटो शहरी 2020 च्या हिवाळ्याआधी खलील सीवराइट या तरुण सुताराने थंडी अडवणाऱ्या लाकडी खोल्या करून बागांतून ठेवल्या. त्या त्याने नव्या लाकडाच्या केल्या होत्या, पण नशीब तेच. फेब्रुवारी 2021 मध्ये शहर त्याच्याविरुद्ध न्यायालयात गेले. आगीचा धोका हे शहराचे म्हणणे होते, आणि ते खोटे म्हणता येत नाही. त्याच महिन्यात तिथल्या अशा एका लाकडी निवाऱ्याला आग लागून आतला माणूस दगावला. लाकडाच्या खोक्यात थंडीने कुडकुडणारा माणूस काहीतरी पेटवणारच, याचा विचार अशी घरे बांधणाऱ्याने खिळा ठोकण्यापूर्वीच करायला हवा.

ओकलंडच्या घरांना चाके का होती, ते आता ध्यानात आले असेल. कोणी हटकले की घर ढकलत पुढल्या गल्लीत न्यायचे. घर आहे, पण ते ठेवायला जागा नाही!

हे सारे परदेशातले झाले. परंतु टाकाऊ वस्तूंच्या घरांचा खरा मोठा इतिहास आपल्या मुंबईतच घडलेला आहे, आणि तो एखाद्या शिल्पकाराने नव्हे, तर तिथे राहणाऱ्या बायकांनी घडवला. भायखळ्याच्या पदपथांवर पिढ्यान् पिढ्या झोपड्या होत्या. खोक्यांच्या फळ्या, गोणपाट, पुठ्ठे, मोडक्या सामानाची दारे, प्लास्टिक अशा वस्तूंच्या. 1981 च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी पदपथांवरच्या लोकांना मुंबईबाहेर काढण्याचा हुकूम केला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. 10 जुलै 1985 रोजी मुख्य न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने निकाल दिला. पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, असे त्यांनी त्यात सांगितले. मात्र पदपथावर घर करण्याचा हक्क कोणालाच नाही, हेही त्याच निकालात आहे. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत झोपड्या हटवू नयेत, एवढी मुदत मिळाली.

त्याच वर्षी स्पार्क या संस्थेने या लोकांची मोजदाद केली. शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे सहा हजार कुटुंबांची माहिती जमवली. पुढच्या वर्षी पदपथावरच्या बायकांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. जोकिन अर्पुथम यांची झोपडीवासीयांची राष्ट्रीय संघटना त्यांच्या जोडीला होतीच. या बायकांनी पाडापाडीच्या दिवसासाठी एक युक्ती काढली, ती मला फार महत्त्वाची वाटते. महापालिकेची गाडी आली की झोपडी मोडली जाई आणि बांबू, फळ्या, भांडी असे सारे गाडीत जाई. पुन्हा उभे राहायचे तर तोच माल पुन्हा विकत घ्यायला हवा. बायकांनी ठरवले, गाडी आली की झोपडी आपल्याच हाताने सोडवायची, फळ्या नीट रचून बाजूला ठेवायच्या. अधिकाऱ्यांना पदपथ मोकळा मिळे आणि बायकांचा माल वाचे. ज्या फळीला आपण अडगळ म्हणतो, तिच्यासाठी एवढे डोके चालवावे लागते.

पण त्या फळ्या वाचवण्यावर थांबल्या नाहीत. आपल्याला घर मिळाले तर ते कसे हवे, याचा विचार त्यांनी सुरू केला. लाकडी चौकटी उभ्या करून, त्यांवर कापड ताणून, खऱ्या मापाची घरे उभारली आणि लोकांना व अधिकाऱ्यांना बोलावून दाखवली. जागा लहानच मिळणार हे त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणून त्यांनी उंची मागितली ती चौदा फूट. आत माळा काढला की एका खोलीच्या दोन होतात. पदपथावर ज्यांनी आयुष्य काढले त्या बायकांची ही गृहरचना एखाद्या वास्तुविशारदाने शिकून घ्यावी अशी आहे. पुढे 1995 नंतर पदपथवासीयांना पुनर्वसनाच्या धोरणात जागा मिळाली आणि मानखुर्दला ‘मिलन नगर’ उभे राहिले. मधे किती वर्षे गेली ते वाचकांनीच मोजावे. घर कसे बांधायचे हे त्यांना पहिल्यापासून येत होते. इतकी वर्षे लागली ती जमिनीला.

पुण्याचीही एक आठवण इथे सांगतो. 12 जुलै 1961 ला पानशेत आणि खडकवासल्याची धरणे फुटली, तेव्हा नदीकाठच्या पेठांतले लोक एका दिवसात बेघर झाले. त्यांत चांगले खातेपिते मध्यमवर्गीयही होते. शाळांत, तंबूंत, मग पत्र्याच्या अर्धगोल निसन हटांत त्यांनी दिवस काढले. त्या तात्पुरत्या निवाऱ्यांची नावेही आज कोणाला आठवत नाहीत. राहिल्या त्या वसाहती, कारण सरकारने जमिनी दिल्या.

आणि जमिनीचा हा नियम फळ्यांच्या खोपटालाच लागू आहे असे नाही. चऱ्होलीहून मोशी ओलांडले की चिखली लागते. तिथे इंद्रायणीच्या पूररेषेत बांधलेले 36 बंगले महापालिकेने 17 मे 2025 रोजी पाडले. हरित न्यायाधिकरणाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला होता. बंगले चांगले पक्के, सिमेंटचे होते. त्याआधी, फेब्रुवारीत, शेजारच्या कुदळवाडीतली भंगाराची गोदामे, पत्र्याच्या शेड आणि छोटे कारखाने अशी हजारो बांधकामे भुईसपाट झाली. या शहराचे टाकलेले सामान जिथे निवडले, फोडले, विकले जाई, ती ही जागा. तिथल्या आगी आणि धूर यांचा शेजाऱ्यांना त्रास होता हे खरेच. पण तिथे भंगार फोडणारा मजूर रात्री त्याच भंगाराच्या आडोशाला झोपत असे, हेही खरे.

याच चऱ्होलीत पंतप्रधान आवास योजनेतून महापालिकेने 1442 सदनिका बांधल्या. सोडत निघाली, नावे लागली, लोक राहायला गेले. चांगलेच झाले. मात्र त्या सोडतीत अर्ज करायला कागदपत्रे लागतात, उत्पन्नाचा दाखला लागतो आणि आपल्या वाट्याचे काही लाख भरायला बँकेचे कर्ज लागते. ताडपत्रीखालच्या माणसाला त्या 1442 दारांपैकी एकाचीही कडी वाजवता येत नाही.

सरकारी कागदात तर त्याची आणखीच गंमत होते. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे छप्पर असलेल्या घरात जो राहत नाही, पदपथावर, मोठ्या नळांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या मंडपात वा फलाटावर झोपतो, तो बेघर. 2011 साली असे देशात सुमारे 17 लाख 73 हजार आणि महाराष्ट्रात 2 लाख 11 हजारांच्या आसपास लोक मोजले गेले. आता या माणसाने आपल्या दिवाणाच्या पट्ट्या आणि शोकेसचे दार जोडून वर छप्पर घातले, की तो बेघर उरत नाही. तो अतिक्रमणदार होतो!

म्हणून मला वाटते, टाकलेल्या फर्निचरची घरे बांधण्याची कल्पना कितीही लोभस असली, तरी आपल्याकडे तिच्या मागे धावण्याआधी दुसऱ्या एका गोष्टीकडे पाहावे. बेघरांसाठी शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक कायमचा निवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितले. 2011 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 17 लाख 27 हजार होती. हिशेब सोपा आहे, सतरा निवारे. 2013 च्या केंद्रीय योजनेने निवाऱ्यात माणशी किमान 50 चौरस फूट जागा ठरवली, आणि पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय, अंथरूण-पांघरूण यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट लिहिली. प्रत्येकाला स्वतःचे सामान ठेवायला कुलपाची पेटी.

ते वाचले आणि चऱ्होलीची मावशी व तिचा खण डोळ्यांपुढे आला. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचे सगळ्यात मोठे दुखणे पाऊस हे नसते, चोरी हे असते. आधारकार्ड गेले की रेशन गेले, बँकेचे पुस्तक गेले की पगार अडकला, औषधांची पुडी गेली की दवाखान्यात पहिल्यापासून रांग. म्हणून कामाला जाताना गाठोडे बरोबर न्यायचे, आणि गाठोडे घेऊन आलेल्या माणसाला मुकादम कामावर घेत नाही. खणाला कुलूप असते याचा अर्थ त्या बाईला हात मोकळे ठेवून दिवसभर काम करता येते.

आपल्या अडगळीतल्या कपाटांना, पेट्यांना, टेबलांना ही एक गोष्ट जन्मजात असते. शहरातल्या बेघर निवाऱ्यांना पलंग, कपाटे, बाके, टेबले लागतातच. आधी विचारून, हवे तेवढेच, धड असलेलेच न्यावे. पाय मोडलेली खुर्ची दान करून पुण्य पदरात पाडू नये. फुगलेल्या फळ्या तिथे नेऊच नयेत. सागवान असेल तर सुताराला दोन दिवसांची मजुरी देऊन एका मोठ्या कपाटाचे सहा-आठ कप्पे करून घ्यावेत, प्रत्येकाला वेगळी कडी आणि वेगळे कुलूप.

ताईला मी हे सांगितले तेव्हा तिला पटले. दाजींना पटायला एक दिवस लागला, कारण तोवर त्यांनी भंगारवाल्याकडून भाव काढला होता. सुतार आला, कपाटाभोवती फिरला, दारावर टिचकी मारली आणि खूश झाला. “असला माल आता बघायला मिळत नाही, साहेब. पण याचे मूळचे कुलूप मजबूत आहे, ते काढायला नको. किल्ली आहे का?”

किल्ली कोणालाच सापडेना. बिऱ्हाड हलवताना ती कुठे गेली यावर घरात बरीच चर्चा झाली आणि थोडे भांडणही झाले. तिसऱ्या दिवशी, चकलीची भाजणी काढताना, ती पिठाच्या डब्यामागे सापडली.